इलेक्ट्रिक, हायब्रीड की प्लग-इन? घरी तीन मतं अन् गाडी एकच घ्यायची आहे

मनीषनगर_तिसरा_मजला:

नमस्कार मंडळी. आमची डिझेल गाडी बारा वर्षं चालली, आता तिचा क्लच अन् माझी कंबर दोघंही एकदमच कुरकुरायला लागले म्हणून गाडी बदलायची आहे. बजेट ऑन रोड वीसच्या आत. पण घरात सध्या निवडणुकीचं वातावरण आहे. पोरगा म्हणतो इलेक्ट्रिकच घ्या, दुसरं काही आणलं तर मी बसणार नाही. बायको म्हणते हायब्रीड, कारण तिच्या बहिणीकडे आहे अन् ते लोक पंपावर म्हणे महिन्यातून एकदाच जातात. साळा म्हणतो भाऊजी थोडं थांबा, प्लग-इन हायब्रीड येऊन राहिली, घरी चार्ज करा, लांब जायचं तर पेट्रोल टाका, दोन्हीकडून फायदा. साळ्याचं नेहमीच थोडं थांबा असते. प्लॉटच्या वेळी पण असंच थांबवलं होतं, आता बेसा-पिपळ्याकडे काय भाव झाले ते तुम्हाला माहीतच आहे.

माझं रनिंग सांगतो. मनीषनगर ते बुटीबोरी एमआयडीसी, जाऊन-येऊन ५० किमी, महिन्याचे २६ दिवस. महिन्यातून एकदा गावी, यवतमाळच्या पुढे, जाऊन-येऊन साडेतीनशे. अन् वर्षातून दोनदा पुण्याला पोरीकडे, समृद्धीने संभाजीनगरपर्यंत अन् तिथून खाली. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, पार्किंग खाली स्टिल्टमध्ये, मीटर रूमपासून चाळीसेक फूट. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात एकाला पॉइंट दिला की सगळेच मागतील.

मला मायलेजच्या जाहिराती नको, वापरणाऱ्यांनी सांगा. मे महिन्यात बॅटरीचं काय होते? अन् हे प्लग-इन म्हणजे नक्की काय, खरंच येऊन राहिली का?

तर्रीपोहे:

पेट्रोल १०४ च्या आसपास आहे अन् तुम्ही विचार काय करून राहिले. पोराचं ऐका. वरून ईव्ही लोनच्या व्याजावर दीड लाखाची इन्कम टॅक्स सूट भेटते ते वेगळंच.

गिअरबॉक्स_काका:

@तर्रीपोहे ती सूट इन्कम टॅक्सच्या ८०ईईबी कलमाची. ज्यांचं लोन १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालं त्यांच्यासाठीच होती, आता नवीन लोनवर नाही. शोरूमवाले अजूनही सांगून राहिले असतील तर कागदावर लिहून मागा.

आता मूळ प्रश्न. आधी हायब्रीड या शब्दाचा घोळ मिटवू, कारण आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या वस्तूंवर एकच स्टिकर लागते. एक माइल्ड हायब्रीड, म्हणजे एर्टिगा-ब्रेझावर जे स्मार्ट हायब्रीड लिहिलेलं असते ते. त्यात मोठा अल्टरनेटर कम स्टार्टर अन् छोटीशी बॅटरी, इंजिनला थोडा हात लावते, पण नुसत्या विजेवर गाडी एक फूट पण जात नाही. दुसरी स्ट्राँग हायब्रीड: हायरायडर, ग्रँड विटारा, वर गेलं की हायक्रॉस, सेडानमध्ये सिटी. यात मोटर खरोखर गाडी ओढते. तुमच्या साळीकडे यातली कोणती आहे ते आधी विचारा, कारण महिन्यातून एकदाच पंप हे वाक्य दोन्ही गाड्यांचे मालक तेवढ्याच आत्मविश्वासाने म्हणतात.

हायरायडर-विटाराची बॅटरी आहे ०.७६ युनिटची. पाऊण युनिट, म्हणजे दीड टनाचा एसी अर्धा-पाऊण तास चालेल एवढीच वीज. ती बाहेरून चार्ज होत नाही, ब्रेक मारला की जी शक्ती एरवी डिस्क तापवण्यात जाते ती परत घेते अन् पुढच्या सिग्नलवर वापरते. म्हणून हिची खरी कमाई बर्डीत, धरमपेठेत, गर्दीत. कागदावर २७.९७ चं मायलेज आहे, शहरात जपून चालवलं तर बावीस-तेवीस सहज देते. पण तुमचा रस्ता पाहा ना, खापरी सुटलं की जामठा, बुटीबोरी, सरळ हायवे. ब्रेकच नाही तर परत काय घेणार? इंजिन ॲटकिन्सन सायकलचं, म्हणजे ताकद थोडी कमी पण पेट्रोल वाचवणारं, असल्याने तरी वीस-एकवीस देईल, पण समृद्धीवर १२० ने दामटली तर सोळा-सतरावर येते, मग साध्या पेट्रोल गाडीत अन् तिच्यात फार अंतर राहत नाही.

प्लग-इन म्हणजे या दोघींच्या मधली. बॅटरी साधारण दहा ते वीस युनिटची, घरी प्लग लावून भरायची, पन्नास-साठ किमी निव्वळ विजेवर, संपली की पेट्रोल. तुमच्या ५० किमीसाठी जणू मापून शिवलेली! फक्त अडचण अशी की भारतात तुमच्या बजेटमध्ये ही वस्तूच नाही. इथे जे प्लग-इन आले ते बीएमडब्ल्यू एक्सएम, रेंज रोव्हर, पोर्शे केयेन असल्या गाड्यांमध्ये. बीवायडी चीनमध्ये प्लग-इन धडाधड विकते, पण इथे आणते ती फक्त इलेक्ट्रिक.

कारण टॅक्स. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के. चार मीटरच्या वरच्या हायब्रीडवर आधी सेससकट ४३ होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४०. प्लग-इन पण हायब्रीडच धरतात. म्हणजे बॅटरी पण मोठी, इंजिन पण, टाकी पण, अन् वरून ४० टक्के. कोणती कंपनी वीस लाखात देईल? साळ्याला म्हणा तुम्ही थांबा, आम्ही निघतो.

वरूडचा_संत्रा:

भाऊ मी सांगतो तुमाले, अडीच वर्षं झाले ईव्ही चालवून राहिलो, ४५ युनिटची बॅटरी हाय. वरूड-नागपूर आठवड्यातून दोनदा अन् बाकी वावरात.

गरमीचं पह्यले. २०२४ च्या मे महिन्यात आपल्या नागपूरच्या एका मशिनीनं ५६ डिग्री दाखवले होते अन् मंग हवामानवाले म्हणे सेन्सर बिघडला, याद असन. तवाही मी गाडी चालवून राहिलो होतो. बॅटरीले कूलंट असते, गाडी उभी राहून चार्जिंगले लावली का फॅन असा बोंबलते का शेजारच्याले वाटते मळणीयंत्र लावलं. चालते पण. फक्त उन्हात १०० टक्के भरून दिवसभर ठेवू नोका, ८० वर ठेवा, सावलीत ठेवा. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेटवाली) बॅटरी असन तं मधामधात एकदा पूर्ण भरा, नाई तं टक्क्याचा हिशोब चुकते तिचा.

एसीचं लोकं उलटं समजतात. हायवेवर एसी काईच खात नाई. एसी तासाले एक-दीड युनिट घेते. तासात तुमी शंभर किमी गेले तं ते शंभर किमीवर वाटून गेलं, समजलंच नाई. पण तेच सीताबर्डीत तासभर अडकले अन् पंधरा किमी गेले तं तेच दीड युनिट पंधरा किमीवर बसलं, मंग रेंज धडाधड उतरते.

आता समृद्धी. १२० ची लिमिट हाय म्हणून १२० न जाल तं रडाल. ८०-८५ न माही गाडी ३०० जाते, ११० न सव्वादोनशेच्या वर जात नाई. पुण्याले गेलो होतो लग्नाले, सातशेच्या वर किमी, तीनदा थांबलो, एक एक डाव ४५-५० मिनिटं. दोनदा बरं झालं. तिसऱ्यांदा ॲपमध्ये चार्जर हिरवा दाखवून राहिला अन् पोचलो तं मशीन बंद, स्क्रीनवर माकोडे फिरून राहिले. गाडीत १४ टक्के. पुढचा चार्जर ३१ किमी. एसी बंद, काचा खाली, ६० च्या स्पीडनं ट्रकच्या मांगं मांगं गेलो, बायको बोलली नाई तीन दिवस. तवापासून एकच नेम, २५ टक्क्याच्या खाली जायचंच नाई अन् जिथं दोन मशिनी हाय तिथंच थांबायचं.

पण गावाले यवतमाळच्या पुढं जायचं म्हणता तं ते काई लांब नाई. पावणेदोनशे जा, रात्री १५ अँपच्या बोर्डात लावा, मोटरपंपाची वायर असतेच घरी, सकाळी भरली राह्यते. फक्त थ्री फेज-सिंगल फेजचा टाइम पाहून घ्या, आमच्या इकडं रात्री लाईन जाते अन् सकाळी पाहतो तं ४२ टक्क्यावरच.

मनीषनगर_तिसरा_मजला:

काका, साळीला फोन लावला. गाडीच्या मागे स्मार्ट हायब्रीड लिहिलं आहे. घरात थोडी शांतता पसरली आहे. 🙂

वरूडवाले भाऊ, फार कामाचं सांगितलं. सर्व्हिस अन् बंद पडण्याचं काय? ऑफिसमधल्या एकाची ईव्ही भर पार्किंगमध्ये मेली होती म्हणे, चार्जिंग असून.

वरूडचा_संत्रा:

१२ व्होल्टची बॅटरी गेली असन. मोठ्या बॅटरीसोबत एक साधी छोटी बॅटरी पण असते, दार उघडणं, स्क्रीन, रिले सगळं तिच्यावर. ते बसली का मोठीत ७० टक्के असून गाडी दगड. माही पण झाली होती दुसऱ्या उन्हाळ्यात, दारच उघडेना, चावीनं उघडून जंप दिला. उन्हाळ्याच्या आंधी तपासून घेत जा, बस. बाकी ऑइल नाई, क्लच नाई, सर्व्हिस स्वस्त पडते. टायर मात्र लवकर घासले, गाडी जड हाय अन् पिकअप पाहून माहा पोरगा शहाणा होत नाई.

धरमपेठची_ताई:

मी हायब्रीडवाली, खरी हायब्रीड, तीन वर्षं होतील. आमच्याकडे पार्किंग रस्त्यावर, जुना वाडा, गेटमधून गाडी आत येतच नाही, त्यामुळे ईव्हीचा प्रश्नच नव्हता. रात्री दुसऱ्या मजल्यावरून वायर सोडून गाडी चार्ज करणारे एक काका आमच्या गल्लीत आहेत पण त्यांच्या वायरवर आमच्या शेजारणीने एकदा ओढणी वाळत घातली होती तेव्हापासून मला ते दृश्यच नको वाटतं.

अनुभव चांगला आहे. शंकरनगर ते बर्डी, शाळा, भाजी, क्लासेस, यात २३ पर्यंत देते. लक्ष्मीभुवन चौकात संध्याकाळी इंजिन बंद अन् एसी चालू, इतकं शांत की पाणीपुरीवाल्याचं बोलणं ऐकू येतं. पण मे महिन्यात एसी मोठ्यावर असला की सिग्नलवर दोन-तीन मिनिटांतच इंजिन आपोआप सुरू होतं, कारण काकांनी सांगितलं तसं पाऊण युनिट किती पुरणार. उन्हाळ्यात १९ वर येते. आणि डिकी! हे कोणी सांगत नाही. बॅटरी मागे बसवल्यामुळे डिकीचा तळ वर आलाय. सासरहून दिवाळीला तूर अन् संत्री येतात, आधीच्या गाडीत पोतं आडवं झोपायचं, आता मागच्या सीटवर बेल्ट लावून बसवून आणावं लागतं. गावी जाऊन धान्य आणणार असाल तर शोरूममध्ये डिकी उघडून मोजा, लाजू नका.

प्लग-इनबद्दल एक गंमत. माझे दीर जर्मनीत असतात, त्यांना कंपनीने प्लग-इन हायब्रीड दिली आहे. मागच्या वर्षी आम्ही गेलो होतो तेव्हा सामान ठेवायला डिकी उघडली तर चार्जिंगची केबल प्लास्टिकच्या पिशवीत तशीच सीलबंद! विचारलं तर म्हणाले पेट्रोलचं कार्ड कंपनीचं आहे, घरी लावली तर बिल माझं, मग कशाला लावू. तिकडे हे इतकं सर्रास आहे की युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांचा डेटा काढला तर प्लग-इन गाड्यांचं प्रदूषण कागदावरच्या आकड्याच्या साडेतीन पट निघालं. गाडी वाईट नाही हो, पण ती रोज प्लग लावणाऱ्या माणसासाठी आहे. आपल्याकडे आल्या तरी किती जण रोज लावतील? मोबाइल वीस टक्क्यांवर आल्याशिवाय आम्ही लावत नाही.

तर्रीपोहे:

बरोबर आहे ताई पण मग रोज प्लग लावायचाच आहे तर सरळ ईव्हीच घेतली काय वाईट.

विदर्भ_निसर्गमित्र:

सगळे ईव्ही म्हणून राहिले पण वीज कुठून येते? कोराडी अन् खापरखेड्याच्या कोळशातून. तुमचा धूर फक्त धरमपेठेतून उचलून तिकडे नेऊन ठेवला.

वीजबोर्डातला_म्हातारा:

मी वितरण विभागातून निवृत्त झालो, ३४ वर्षे खांबांखाली काढली, म्हणून दोन शब्द.

निसर्गमित्रांचं अर्धं खरं आहे. आपली वीज मुख्यतः कोळशाचीच. पण मोटर चाकापर्यंत बहुतेक सगळी वीज पोचवते, पेट्रोल इंजिन दोन तृतीयांशाच्या वर शक्ती उष्णता म्हणून वाया घालवते. त्यामुळे कोळशाची वीज धरूनही हिशेब ईव्हीकडेच थोडा झुकतो, आणि गच्चीवर सोलर असेल तर वादच नाही. शिवाय लहान पोरांच्या नाकासमोर धूर निघणे आणि उंच चिमणीतून निघणे यात फरक आहे, तिथे राहणाऱ्यांना तो फरक गोड लागत नाही हेही मान्य.

आता मनीषनगरच्या भाऊंचा पैशाचा हिशेब, कुणी मांडलेला दिसत नाही. महिन्याला १३०० आणि ३५० मिळून १६५० किमी. साधी पेट्रोल गाडी १३ ने धरली तर १२७ लिटर, तेरा हजारांच्या वर. स्ट्राँग हायब्रीड २१ ने, ७९ लिटर, सव्वाआठ हजार. ईव्हीला चार्जिंगमधली गळती धरून शंभर किमीला १५ युनिट, म्हणजे २५० युनिट. इथे लोक चुकतात. तुमचं घरचं वापर २५०-३०० असेल तर हे २५० त्याच्या डोक्यावर बसतात आणि सगळे वरच्या स्लॅबमध्ये जातात. ५०० च्या पुढचं युनिट सगळे आकार धरून पंधराच्या वर जातं. सोळाने धरा, चार हजार. तरीही हायब्रीडपेक्षा महिन्याला चारेक हजार कमी.

पण घरच्या मीटरवर घेऊ नका. ईव्ही चार्जिंगची वेगळी वर्गवारी आहे, त्यात स्लॅब चढत नाहीत. त्यासाठी वेगळं मीटर मागा. बाहेरच्या फास्ट चार्जरवर मात्र युनिटला १८ ते २५ देण्याची तयारी ठेवा, तिथे रोज भरली तर हायब्रीडवाले तुम्हाला हसतील.

सेक्रेटरींसाठी एक मुद्दा देतो. पीएम सूर्यघर योजनेत स्वतःच्या घराला ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे ते सगळ्यांना माहीत असतं. पण हाउसिंग सोसायटीलाही सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार मिळतात, आणि त्यात लिफ्ट-पंपासोबत ईव्ही चार्जिंग धरलेलं आहे. एकाला दिलं की सगळे मागतील म्हणतात ना, मग सगळ्यांसाठीच मागा. गच्ची नागपूरची आहे, ऊन फुकट आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी बुक करायच्या आधी वायरमन बोलावून अर्थिंग मोजून घ्या. जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंगचा खड्डा कागदावर असतो. आपल्या इकडे उन्हाळ्यात जमीन सुकते, मुरमात तर आणखी, आणि खड्डा कोरडा पडला की न्यूट्रल आणि अर्थमध्ये पाच, दहा, पंधरा व्होल्ट दिसायला लागतात. फ्रिज काही बोलत नाही. ईव्हीचा चार्जर बोलतो, लाल लाइट लावून बसतो आणि लोक समजतात गाडी बिघडली. मीटरपासून ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळी एमसीबी, आणि करंट गळला की लाइन तोडणारी आरसीसीबी. यात पैसे वाचवू नका.

गिअरबॉक्स_काका:

वीजबोर्डवाल्या भाऊंना नमस्कार. एकच जोडतो. १० ते २० लाखाच्या पेट्रोल गाडीला आपल्या राज्यात आरटीओ टॅक्स १२ टक्के, हायब्रीडला पण तोच, ईव्हीला माफ. यूपीने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रीडचा माफ केला होता, आपल्याकडे नाही. अन् राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात समृद्धीवर टोलमाफी आहे, फास्टॅग ईव्ही म्हणून नोंदलं आहे का ते तेवढं पाहा. बॅटरीची लाइफटाइम वॉरंटी दाखवून राहिले असतील तर ती बहुतेक ठिकाणी पहिल्या मालकापुरतीच असते, विकताना भाव तिथेच पडतो. तुमच्यासारखा बारा वर्षं गाडी वापरणारा माणूस असेल तर तो प्रश्न कमी.

बाकी वर्षातून दोनदा पुणे, त्यासाठी वर्षभर पेट्रोलचं इंजिन ओढत फिरायचं का हे तुम्ही ठरवा. मी असतो तर पुण्याला विदर्भ एक्सप्रेस... नाही, ती मुंबईला जाते, पुण्याची दुसरी कोणती तरी पकडली असती.

धरमपेठची_ताई:

रिझर्व्हेशन मिळालं तर.

मनीषनगर_तिसरा_मजला:

चार दिवसांनी लिहून राहिलो, माफी असावी. हायब्रीडची डिकी मोजायला टेप घेऊन गेलो होतो, सेल्समन पोराने आधी विचित्र पाहिलं अन् मग स्वतःच टेपचं दुसरं टोक धरलं. बायको म्हणाली पोतं बसत नाही. तिथून हायब्रीडचा विषय तिनेच बंद केला, मी काही बोललो नाही. साळा अजून थांबा म्हणतो.

वेगळ्या मीटरचा अर्ज टाकतो आहे, सोसायटीची मीटिंग येत्या रविवारी, सूर्यघरचा कागद छापून सगळ्यांच्या दारात सरकवला.

वायरमन येऊन गेला. न्यूट्रल-अर्थमध्ये १८ व्होल्ट! त्याने विचारलं खड्डा कुठे आहे, कोणालाच माहीत नाही, बिल्डरच्या नकाशात जिथे दाखवला तिथे कढीपत्त्याचं झाड आहे. खोदलं तर झाडाच्या बाजूलाच सापडला, एकदम भुगा, हाताने माती उडत होती. सध्या मीठ-कोळसा टाकून सकाळ-संध्याकाळ दोन बादल्या पाणी टाकून राहिलो, आज ७ व्होल्टवर आलं. वायरमन म्हणतो ३ च्या खाली आणा मग गाडी आणा.

सेक्रेटरी गॅलरीतून रोज पाहतात. आज खाली येऊन म्हणाले, कढीपत्त्याला बरं पाणी घालून राहिले तुम्ही, माझ्या पण कुंड्यांना टाकत जा.